न दिलेली सुई

“आई, तो चमचा आधी खाली ठेव! औषधाला हात लावू नकोस म्हणून तुला किती वेळा सांगायचं?”

चेतनाचा आवाज एवढा चढला, की खाटेवर पडलेल्या गंगाधर सरांच्या पापण्याही हलल्या. प्रेमलाबाईंनी चमचा मुकाट्यानं खाली ठेवला. औषध तरी कसलं... साधं खोकल्याचं पातळ औषध, दुकानात कुणालाही मिळतं तसलं! पण या घरात औषधाच्या बाटलीवर सगळ्या जगाचा अधिकार होता, नव्हता तो एका प्रेमलाबाईंचाच. त्या पदराला हात पुसत खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभ्या राहिल्या, जसं काही हाताला विषच लागलं होतं.

चेतना त्यांची धाकटी. मोहोळला शाळेत मास्तरीण, तिथंच सासर. वडिलांना पक्षाघाताचा दुसरा झटका आला, दवाखान्यानं घरी न्यायला सांगितलं, तेव्हापासून ती सोलापुरातच मुक्काम ठोकून होती. वडिलांचं सगळं करायची, जीव ओवाळून टाकायची त्यांच्यावर. आईशी मात्र तिचं बोलणं म्हणजे कामापुरतं. स्वतःची मुलगी उत्कर्षा तान्ही असताना तिनं तिला आजीच्या मांडीवर कधी पाच मिनिटंसुद्धा एकटं ठेवलं नव्हतं. प्रेमलाबाईंनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. तक्रार कोण करतं? ज्याची बाजू आहे तो! प्रेमलाबाईंना बाजूच उरलेली नव्हती, आणि ती त्यांनी आपल्याच हातानं पुसून टाकलेली होती.

आता त्यांना एकच हवं होतं. या माणसानं जाण्यापूर्वी आपल्याला एकदा, फक्त एकदा, नावानं हाक मारावी... सत्तेचाळीस वर्षं सरांनी बायकोचं नाव उच्चारलं नव्हतं. पाणी हवं असलं तर भिंतीकडे बघून “पाणी” म्हणायचे. काही सांगायचं असलं तर मुलांना म्हणायचे, “घरात सांगा.” याच घरात, या दोन खोल्यांत, एकाच चुलीवरचं खाऊन दोन माणसं म्हातारी झाली, आणि त्यांच्यामधून एक चकार शब्द गेला नाही!

कशामुळे? तर चीनमुळे. ऐकणाऱ्याला हसू येईल. प्रेमलाबाईंनाही सुरुवातीला यायचं.

गंगाधर सर शाळेत इतिहास शिकवायचे, पण शिवाजी महाराज आणि पेशवाई उरकली की त्यांची गाडी थेट चीनला जाऊन थांबायची. कुठून कुठून मिळवलेली तिकडची सचित्र मासिकं घरात असायची. गुळगुळीत कागद, लालबुंद गालांच्या बाया, भाताच्या शेतात गाणी म्हणत राबणारी माणसं, आणि सगळ्यांच्या वरती तिकडच्या अध्यक्षांचा गोल, प्रसन्न, निष्कलंक चेहरा. शाळा सुटली की सर सायकल काढून पूर्व भागातल्या विणकरांच्या वस्तीत जात. तिथं महिपती, जोतिराम, ईरप्पा असे मागावर राबणारे पंधरावीस जण जमत आणि सर त्यांना सांगत, की तिथं मालक नाही, सावकार नाही, तिथं नेता लोकांत राहतो आणि लोकांचंच अन्न खातो. सरांची वाणी अशी, की जोतिरामसारखा पेंगणारा माणूससुद्धा डोळे पुसायचा. नेता म्हणून सर खरोखरच मोठे होते, ते कुणी नाकारू नये. आपला पगार वस्तीवर उधळला, घरी बायकोला एका लुगड्यावर वर्ष काढायला लावलं, आणि स्वतःही एकाच सदऱ्यावर काढलं!

तिकडचं बघून सरांनी वस्तीत दोन चाली सुरू केल्या. पहिली आत्मटीकेची. दर रविवारी सगळ्यांनी गोल बसायचं, एकेकानं उभं राहून आपली चूक आपल्या तोंडानं सांगायची. महिपती दारू प्यायल्याचं सांगे, ईरप्पा बायकोवर हात उगारल्याचं सांगे, जोतिराम दर रविवारी तीच बिडी पुन्हा सोडे. पण नियम कडक होता. माणसानं स्वतःवर घेतलेला दोष दुसऱ्या कुणी खोडायचा नाही, कारण जो स्वतःविरुद्ध बोलतो तो खोटं कशाला बोलेल? सरांना हे अगदी मनापासून पटलेलं होतं. आईच्या काळजाचा त्यांनी हिशेबच धरलेला नव्हता.

दुसरी चाल अनवाणी डॉक्टरची. मासिकात चित्र होतं, खांद्याला औषधाची पेटी लावलेली एक पोरगी भाताच्या चिखलातून अनवाणी चाललेली. सरांनी थोरल्या मुलाला, आदिनाथला, एका ओळखीच्या डॉक्टरांकडे दोन महिने बसवलं, जखमा बांधायला आणि सुई द्यायला शिकवलं, आणि वस्तीचा अनवाणी डॉक्टर करून टाकलं. पोरगं अवघं सतरा वर्षांचं! आणि गंमत अशी, की अनवाणी म्हणजे अनवाणीच असं समजून सरांनी त्याच्या चपला काढून घेतल्या. चीनचा चिखल कुठं आणि सोलापूरचा वैशाख कुठं! पोर संध्याकाळी पोळलेले पाय घेऊन यायचं, प्रेमलाबाई त्याच्या तळव्यांना खोबरेल चोळत बसायच्या आणि डोळ्यातलं पाणी त्याच तेलात मिसळायचं. पण सर केवढ्या अभिमानानं त्याच्याकडे बघायचे! वस्तीला ते सांगायचे, “हा माझा मुलगा नाही. हा उद्याचा माणूस आहे.”

चीनचे अध्यक्ष वारले त्या सालची गोष्ट. महिन्याभरात वर्तमानपत्रात आलं, की त्यांच्या बायकोला आणि तिच्या साथीदारांना धरलं. सरांनी ती बातमी वस्तीत वाचून दाखवली आणि ठामपणे सांगितलं, “नेता निर्दोष होता. घात बायकोनं केला.” चहाचे पेले भरताना प्रेमलाबाईंच्या मनात आलं होतं, एवढ्या मोठ्या देशातलं सगळं वाईट एकट्या त्या बाईनंच कसं केलं असेल? पण असलं विचारायचं नसतं. त्यांनी चहा पुढं केला.

पुढच्याच उन्हाळ्यात ते घडलं. ईरप्पाची सहा वर्षांची बसव्वा, तिचा घसा सुजला होता, अंगात ताप होता. आदिनाथनं पेनिसिलिनची सुई दिली. आधी थोडंसं टोचून बघायचं असतं, सोसतंय का नाही ते पाहायचं असतं, हे त्याला शिकवलं होतं. पण आई पोरीला सोडून कामावर गेलेली, खोलीत दुसरं कुणी नाही, अजून चार घरं गाठायची, पोराला घाई झाली... आणि घटकाभरात ती फुलासारखी पोर निळी पडून गेली!

प्रेमलाबाई तेव्हा तिथं नव्हत्या. त्या रॉकेलच्या रांगेत होत्या. डबा घेऊन परत येताना त्यांनी वस्तीतला आक्रोश ऐकला, औषधाची पेटी असायची त्या खोलीत धावल्या, तर कोपऱ्यात आदिनाथ थरथरत बसलेला, ओठ पांढरे, डोळे मोठे. “आई, मी मारलं गं तिला... मी मारलं...” त्या क्षणी त्यांना काय सुचलं कोण जाणे! त्यांनी त्याच्या तोंडावर हात दाबला आणि म्हणाल्या, “एक शब्द काढलास तर माझं मेलेलं तोंड बघशील.”

संध्याकाळी सारी वस्ती गोळा झाली. ईरप्पाची बायको गिरिजाबाई ऊर बडवत होती, माणसं चवताळलेली होती, आणि सर मधोमध काळ्याठिक्कर चेहऱ्यानं उभे होते. तेव्हा प्रेमलाबाई उठल्या. “सुई मी दिली,” त्या म्हणाल्या. “आदिनाथ बाहेर गेला होता. मला वाटलं, मला येते. मी दिली.”

नियम होता. कुणी काही खोडलं नाही.

सरांनी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं, खूप वेळ पाहिलं, आणि मग निवाडा दिला. या बाईनं पुन्हा औषधाला हात लावायचा नाही, रोग्याला लावायचा नाही, वस्तीतल्या कुणाच्या लेकराला लावायचा नाही. “आणि आजपासून,” त्यांचा आवाज क्षणभर कापला, “मी हिच्याशी बोलणार नाही.” माणसं शांत झाली. पोलिसांत कुणी गेलं नाही. स्वतःच्या बायकोलाही न सोडणारा नेता पाहून वस्तीनं मान खाली घातली. आदिनाथची पुण्याला मामाकडे रवानगी झाली. तो शिकला, लहान मुलांचा मोठा डॉक्टर झाला, शेकडो लेकरं त्यानं मरणाच्या दारातून ओढून आणली म्हणे. घरी मात्र क्वचित यायचा. आला तरी आईच्या डोळ्याला डोळा देत नसे, आणि चपला काढल्या न काढल्या की निघायची घाई करत असे. प्रेमलाबाई मनाला समजावायच्या, असू दे! पोर उभं राहिलं ना? मग झालं तर!

मध्यंतरी नात उत्कर्षा आली होती. ती इतिहासच शिकते. आजोबांच्या खाटेशी बसून सहज म्हणाली, “आजोबा, चीनमध्ये लोक न केलेले गुन्हेसुद्धा कबूल करायचे, माहितीये? कुणी भीतीनं, कुणी घरच्या माणसाला वाचवायला...” भाकरी थापणाऱ्या प्रेमलाबाईंचा हात परातीतच थांबला. सरांनी डोळे मिटून घेतले. म्हातारा थकला असेल असं समजून पोरगी उठून गेली.

चमच्यावरून चेतना ओरडली, त्याच दिवशी दुपारची गोष्ट. चेतना पेज करायला आत गेली होती. प्रेमलाबाई पायथ्याशी बसून सरांच्या बधिर पायावरून हात फिरवत होत्या. तेवढा एक हक्क त्यांनी न विचारता घेतला होता.

“प्रेमला...”

त्यांना वाटलं, भास झाला. त्यांनी वर पाहिलं. सरांचा वाकडा झालेला ओठ हलत होता आणि डोळे भिंतीकडे नव्हते, त्यांच्याकडे होते.

“अहो...!” त्या धडपडत उशाशी गेल्या. “बोलावलंत? मला बोलावलंत?” सारा देह कान झाला होता. किती वर्षांचा उपास सुटत होता! आता ते म्हणतील, ‘जा, तुला क्षमा केली’, म्हणू देत! न केलेल्या अपराधाची का होईना, पण त्यांच्या तोंडून क्षमा...

“रॉकेल...” सर म्हणाले.

“काय म्हणता?”

“त्या दिवशी... रॉकेल आणायला... तुला मीच... पाठवलं होतं.”

प्रेमलाबाईंना आधी कळलंच नाही. मग कळलं. खरंच की! सकाळी यांनीच सांगितलं होतं, आज गर्दी कमी असेल, लवकर जा. एवढ्या व्यापातल्या माणसाच्या ते लक्षात कुठलं राहतंय, असं त्या जन्मभर धरून चालल्या होत्या!

“म्हणजे... तुम्हाला ठाऊक होतं?” त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. “मी उभी राहिले तेव्हाच... तेव्हापासून?”

सरांनी पापण्या मिटून उघडल्या.

“मग का हो? दारं लावून एकदा तरी बोलायचं होतं माझ्याशी! लोकांसमोर टाकलंत ते टाकलंत, पण घरात? कोण बघत होतं घरात?”

“लोकांना... कुणीतरी... हवं होतं. आदिनाथ गेला असता... मी गेलो असतो... सगळं मोडलं असतं.” एकेक शब्द ओढून आणावा लागत होता. “घरात बोललो असतो... तर बाहेर... निभलं नसतं.”

“आणि मी?” प्रेमलाबाई म्हणाल्या. “माझं काय मोडलं, ते कधी मोजलंत?”

सरांच्या डोळ्यातून पाणी ओघळून कानात गेलं. “क्षमा...” ते पुटपुटले.

प्रेमलाबाईंनी ते पाणी पदरानं टिपलं. एवढंच केलं. क्षमेचा शब्द काही म्हणवेना. थोड्या वेळानं म्हणू, उद्या म्हणू, असं त्यांनी ठरवलं... आणि सकाळी सर गेले!

त्या दुपारी उंबऱ्यात चेतना पेजेची वाटी घेऊन उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. वाटी तिथंच ठेवून ती आईच्या पायाशी आली आणि धाय मोकलून रडू लागली. “आई, मी तुला काय काय बोलले गं! माझी पोर तुझ्या मांडीवर ठेवली नाही मी... आज सकाळी चमच्यावरून... आई, मला मार, काहीतरी कर!”

“उगी. तुला काय ठाऊक होतं?” प्रेमलाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “पण शपथ घे. आदूचं नाव तोंडातून काढायचं नाही. मी एवढं सोसलं ते मातीत घालू नकोस.”

“अजून? अजून त्याच्यासाठीच?”

“माझ्याजवळ दुसरं राहिलंय काय, सांग!”

तेराव्यानंतर शोकसभा झाली. सभेच्या अध्यक्षांच्या खुर्चीवर सरांचा हार घातलेला फोटो, समोर वस्तीतली उरलीसुरली म्हातारी माणसं, पहिल्या रांगेत पुण्याहून आलेले डॉक्टर आदिनाथ. ऐंशीच्या घरातला महिपती बोलायला उठला. “सरांनी आमाला काय शिकवलं? तर न्याव! सोताच्या बायकोनं चूक केली तर तिला बी पाठीशी घातलं न्हाय. असा नेता पुन्ना हुनं न्हाय!” टाळ्या वाजल्या, आणि सगळ्यांच्या नजरा बायकांच्या रांगेकडे वळल्या. चेतनानं आईचा हात एवढा घट्ट दाबला की बांगडी रुतली. आदिनाथनं मान वर केली नाही.

सभा सुटली. प्रेमलाबाई मागच्या दारानं निघाल्या, कारण पुढच्या दाराशी ईरप्पा उभा असेल हे त्यांना माहीत होतं. त्याच्यासमोर त्या कधीच जात नसत. पण म्हातारा काठी टेकत मागच्याच पायरीशी येऊन थांबला होता.

“ताई, वाईच थांबा.”

त्या थांबल्या. शेजारी चेतना होती. चार पावलांवर आदिनाथ मोटारीचं दार उघडून आईची वाट बघत होता.

“गिरिजा गेली दोन सालामागं,” ईरप्पा म्हणाला. “जाईपतूर तुमाला शिव्याशाप दिलं तिनं. आता सर बी गेलं. म्या कुणावर राग धरून बसू? माजं बी लाकडं गोळा करायचं दिस आलं. म्या तुमाला माफ केलं, ताई. मनापासून माफ केलं.”

प्रेमलाबाईंनी हात जोडले. “लई उपकार झाले, ईरप्पा.” चेतनाला हुंदका आवरला नाही, ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

म्हातारा जाईना. काठीवर दोन्ही हात ठेवून घुटमळत राहिला. “एक इचारू का? लई वर्सं पोटात ठिवलंय. म्या त्या येळंला मागावर हुतो. पळत आलो तवर पोरगी गेल्ती. शेवटाला... काय बोलली का हो ती? तुमीच हुता की तितं, जवळ. दुसऱ्या कुणाला इचारू?”

एवढ्या वर्षांत प्रेमलाबाईंना शिव्या मिळाल्या, शाप मिळाले, पण हा प्रश्न कुणी केला नव्हता. त्यांनी आदिनाथकडे पाहिलं. तो मोटारीच्या दाराला धरून दगडासारखा उभा होता. समोर एक बाप जन्माची भूक घेऊन उभा होता, आणि त्याला रित्या हातानं पाठवणं त्यांच्या जिवावर आलं. कानडी बोलणाऱ्या घरातली लेकरं बापाला काय म्हणतात ते त्यांना ठाऊक होतं.

“‘आप्पा’ म्हणाली,” त्या हळूच म्हणाल्या. “तुमचीच आठवण काढली तिनं. ‘आप्पा’ म्हणून हाक मारली.”

ईरप्पाचा चेहरा क्षणभर उजळला. मग त्याच्या कपाळाला आठी पडली.

“आप्पा?” त्यानं मान हलवली. “न्हाय हो, ताई. ती मला आप्पा कदी म्हनलीच न्हाय. गिरिजा मला मालक म्हनायची, ते ऐकून ही बी मालकच म्हनायची. सगळी वस्ती हसायची. ‘मालक, खांद्यावर घ्या, मालक, चुरमुरं आना...’ आप्पा कशाला म्हनंल?” तो बोलता बोलता थांबला. अंधुक डोळे त्यानं प्रेमलाबाईंच्या तोंडावर रोखले. “ताई... तुमी तितं न्हवता व्हय?”

प्रेमलाबाई बोलल्या असत्या तर आणखी एक खोटं बोलावं लागलं असतं, आणि त्यांच्याजवळची सगळी खोटी आता संपली होती.

“‘मालकाला बोलवा’ म्हणाली.”

आवाज आदिनाथचा होता, पण तो चौसष्ट वर्षांच्या डॉक्टरचा नव्हता. कोपऱ्यात थरथरत बसलेल्या पोराचा होता. तो पायरीपर्यंत आला होता. “दोनदा म्हणाली, काका. ‘मालकाला बोलवा.’ मला वाटलं, कुणा मालकाला बोलवायचं... मला कळलंच नाही ती तुम्हाला बोलावतेय. सुई मी दिली होती. आई रॉकेल आणायला गेली होती.”

“आदू!” प्रेमलाबाई ओरडल्या. तोंडावर दाबायला हात उचलला गेला, पण पोर आता उंच होतं आणि हात पोचला नाही.

ईरप्पानं आदिनाथकडे पाहिलं, पण रागावला नाही. त्याच्यात रागवायला बळच उरलं नव्हतं. “मालकाला बोलवा... म्हनली,” त्यानं ते शब्द तोंडात घोळवून बघितले. मग हळूहळू प्रेमलाबाईंकडे वळून, खरोखरच न समजल्यासारखं, लहान मुलासारखं त्यानं विचारलं, “मंग ताई, म्या आत्ता माफ केलं, ते कुणाला केलं?”

प्रेमलाबाई खाली पायरीवर बसल्या. आजवर त्या ईरप्पाच्या लेकीसाठी रडल्या नव्हत्या. मारणाऱ्या बाईनं रडायचं कोणत्या तोंडानं, म्हणून त्यांनी ते रडू कधी बाहेरच येऊ दिलं नव्हतं. आता त्यांना कुणी अडवलं नाही. आदिनाथ काहीतरी म्हणत होता, चेतना त्यांना उठवत होती, आणि त्या कुणाकडेही न बघता बसव्वासाठी रडत राहिल्या.